न मागितलेला खुलासा

शाळेत ठपका मिळालेल्या शिक्षकाला आजूबाजूची माणसं दोनच सल्ले देतात. "सोडून द्या हो, कागदच तो," हा एक. "सरळ कोर्टात खेचा," हा दुसरा. मला दोन्ही एकाच मधल्या सुट्टीत मिळाले. देणाऱ्यांची तळमळ खरी होती, पण त्यांतला कोणताही ऐकला असता तर माझं नुकसानच झालं असतं. पुढे जे शिकले ते वकिलाच्या पायऱ्या चढून, नियमांची पुस्तकं चाळून आणि वडीलधाऱ्या शिक्षकांना विचारून शिकले. ज्यांच्या हातात आज असा कागद पडला असेल त्यांच्यासाठी ते लिहिते आहे.

मी खाजगी अनुदानित माध्यमिक शाळेत विज्ञान शिकवते. मतदारयादीच्या पुनरीक्षणाचे दिवस होते आणि माझ्याकडे बीएलओचं, म्हणजे मतदान केंद्रस्तरीय अधिकाऱ्याचं, काम होतं. तहसील कार्यालयात बैठक लागली. लेखी आदेश शाळेत आलेला होता. हालचाल रजिस्टरला नोंद करून, वेळ टाकून मी निघाले. नेमकं त्याच दुपारी तपासणी पथक आलं आणि आठवीच्या वर्गावर कोणी नव्हतं, कारण बदली तास लावायचा राहून गेला होता. दुसऱ्या दिवशी शिपायाने माझ्यासमोर कागद ठेवला. मी पूर्वपरवानगीशिवाय वर्ग सोडून गेले, त्यामुळे शाळेची प्रतिमा मलिन झाली, सबब मला ठपका देण्यात येत आहे आणि त्याची नोंद सेवापुस्तकात घेतली जाईल, असा मजकूर. खुलासा कोणी मागितलाच नव्हता. संध्याकाळी त्याच कागदाचा फोटो शिक्षकांच्या व्हॉट्सअॅप ग्रुपवर फिरत होता.

त्या रात्री झोप आली नाही. इतक्या वर्षांच्या नोकरीत वर्ग कधी वाऱ्यावर सोडला नाही, ही माझी स्वतःबद्दलची खात्री होती आणि एका परिच्छेदाने तिच्यावर घाला घातला होता. हे लिहिते कारण अपमानाच्या त्या पहिल्या तासांतच माणसाच्या हातून नको ते होतं. कोणी ग्रुपवर उत्तर देतं, कोणी मुख्याध्यापकांच्या केबिनमध्ये आवाज चढवतं, कोणी कागद फाडतं. मग मूळ ठपका बाजूला राहतो आणि उद्धट वर्तनाचं नवं, खरंखुरं प्रकरण तयार होतं.

"सही करू नका," असंही काहींनी सांगितलं. तसं करू नये. कागद नाकारला की "घेण्यास नकार दिला" असा शेरा साक्षीदारांच्या सह्यांनिशी लागतो आणि शिस्तभंगाला आयतं कारण मिळतं. सही म्हणजे कबुली नसते, ती फक्त पोच असते. मी सहीच्या वर लिहिलं, "आज रोजी प्रत मिळाली. मजकूर मान्य नाही. खुलासा स्वतंत्रपणे सादर करीत आहे." खाली तारीख आणि वेळ. ग्रुपवरच्या संदेशाचा स्क्रीनशॉट घेतला, संपूर्ण चॅट वेगळं साठवून ठेवलं आणि ग्रुपवर एक अक्षरही लिहिलं नाही. असा डिजिटल पुरावा पुढे न्यायालयात द्यायची वेळ आली तर भारतीय साक्ष्य अधिनियम, २०२३ च्या कलम ६३ प्रमाणे प्रमाणपत्र जोडावं लागतं, म्हणून मूळ संदेश असलेला फोन विकू नये, बदलू नये.

आता कायद्याची चौकट. महाराष्ट्रातल्या खाजगी शाळांना, अनुदानित असोत वा विनाअनुदानित, १९७७ चा खाजगी शाळा कर्मचारी सेवाशर्ती अधिनियम लागू आहे आणि त्याखाली १९८१ ची नियमावली आहे. या नियमावलीत शिक्षांचे किरकोळ आणि मोठ्या असे दोन गट आहेत. समज, ताकीद, ठपका, वर्षभरापर्यंत वेतनवाढ रोखणं, नुकसानीची वसुली हे किरकोळ गटात येतं. पदावनती आणि सेवासमाप्ती या मोठ्या शिक्षा, त्यांना चौकशी समिती आणि पूर्ण चौकशी लागते. शालेय न्यायाधिकरण, ज्याला आपण ट्रिब्युनल म्हणतो, तिथे कलम ९ खाली ३० दिवसांत अपील करता येतं. मात्र ते बडतर्फी, सेवेतून काढणं, पदावनती किंवा बढतीत डावललं जाणं, एवढ्याचसाठी. नुसत्या ठपक्याविरुद्ध ते दार उघडत नाही. "कोर्टात खेचा" म्हणणाऱ्यांना हे ठाऊक नसतं.

"सोडून द्या" म्हणणाऱ्यांना काय ठाऊक नसतं, ते मी आमच्याच शाळेत पाहिलं होतं. आमच्या एका ज्येष्ठ सरांना फार पूर्वी एक ताकीद मिळाली होती. सर शांत स्वभावाचे, त्यांनी कागद घडी करून ठेवून दिला. पर्यवेक्षकपदाची वेळ आली तेव्हा तीच ताकीद फाईलमधून वर आली. तिला कधीच उत्तर दिलं गेलेलं नसल्यामुळे ती मान्य केली असंच धरलं गेलं, आणि सरांच्या मागचे शिक्षक पर्यवेक्षक झाले. बढतीत डावलल्याबद्दल ते ट्रिब्युनलला जाऊ शकले असते, पण तिथेही पहिला प्रश्न हाच आला असता की तेव्हा तुम्ही गप्प का बसलात. किरकोळ शिक्षेचा धोका असा पुढे, भलत्याच दिवशी समोर येतो. म्हणून खुलासा कोणी मागितला नसला तरी द्यायचाच. माझं सगळं सांगणं या एका गोष्टीभोवती आहे.

खुलासा कसा असावा याबद्दल थोडं सविस्तर लिहिते, कारण चांगल्या चांगल्या शिक्षकांचे खुलासे मी पाहिलेत आणि ते निबंध असतात. आपण किती वर्षं इमानेइतबारे सेवा केली, संस्थेसाठी काय काय सोसलं, कोणाचा कोणावर राग आहे, यावर तीन पानं जातात आणि आरोपाचं उत्तर शोधावं लागतं. माझा खुलासा दीड पानाचा होता. आरोपाचं वाक्य जसंच्या तसं घेतलं आणि त्याखाली उत्तर दिलं: बैठकीच्या आदेशाचा जावक क्रमांक आणि तारीख, शाळेत तो आल्याचा आवक क्रमांक, हालचाल रजिस्टरमधली वेळ, बदली तास लावण्याची जबाबदारी कोणाकडे होती ते. कोणाच्या हेतूबद्दल अवाक्षर नाही. मग कायद्याचे दोन मुद्दे. लोकप्रतिनिधित्व अधिनियम, १९५० च्या कलम १३ सीसी प्रमाणे मतदारयादीच्या कामावर असलेला कर्मचारी त्या काळापुरता निवडणूक आयोगाकडे प्रतिनियुक्तीवर असल्याचं मानलं जातं. शिक्षणहक्क कायदा, २००९ शिक्षकांना अशैक्षणिक कामाला जुंपण्यास मनाई करतो, पण कलम २७ मध्ये जनगणना, आपत्ती निवारण आणि निवडणुकीची कामं त्यातून वगळली आहेत. म्हणजे मी गेले ती रजा नव्हती, कर्तव्य होतं.

दुसरा मुद्दा सगळ्यांच्या उपयोगाचा आहे. त्याच शिक्षणहक्क कायद्याच्या कलम २४ मध्ये, वेळेवर आणि नियमित शाळेत येण्यासारख्या कर्तव्यांत कसूर झाली तर शिक्षकावर शिस्तभंगाची कारवाई करता येईल असं म्हटलं आहे, पण कारवाईआधी बाजू मांडण्याची वाजवी संधी दिली पाहिजे असंही तिथेच लिहिलं आहे. हा कायदा आठवीपर्यंतचा. माझा वर्ग आठवीचाच होता. खुलाशाच्या शेवटी मी मागणी स्पष्ट लिहिली: आदेश मागे घ्यावा, सेवापुस्तकात नोंद घेऊ नये, घेतली असल्यास रद्द करावी. मागणी न लिहिलेला खुलासा फाईलला लागतो आणि तिथेच राहतो.

खुलासा आवक-जावक विभागात देऊन दुसऱ्या प्रतीवर शिक्का आणि क्रमांक घेतला. लिपिक टाळाटाळ करत असतील तर स्पीड पोस्टने पाठवावा आणि पावती जपावी. एक प्रत संस्थेच्या सचिवांना दिली.

तहसील कार्यालयातल्या बैठकीचा हजेरीपट माझ्याकडे नव्हता. तो मी माहितीच्या अधिकारात मागवला. १० रुपये शुल्क, अर्जात एकच विषय, नेमकं कोणत्या तारखेचं काय हवं ते लिहायचं. ३० दिवसांत उत्तर आलं नाही तर त्याच कार्यालयात पहिलं अपील. माझ्या सहीचा हजेरीपट साक्षांकित होऊन हाती आला आणि प्रकरणाचा रंगच बदलला. अनुदानित शाळाही या कायद्याखाली येतात, त्यामुळे आवक नोंदवही, हालचाल रजिस्टर, त्या दिवसाचं बदली तासांचं नियोजन यांच्या प्रती शाळेकडूनही मागता येतात. "अमुक शिक्षकाला असाच ठपका दिला का" हे मात्र विचारू नये. गिरीश देशपांडे प्रकरणात २०१२ साली सर्वोच्च न्यायालयाने कर्मचाऱ्याचे ज्ञापन, कारणे दाखवा नोटिसा आणि ठपक्याचे आदेश ही त्याची वैयक्तिक माहिती मानली आहे. तोच निकाल आपलं कागदपत्र दुसऱ्याच्या हाती पडण्यापासून आपलंही रक्षण करतो.

ग्रुपवरच्या फोटोमुळे मला अब्रूनुकसानीचा दावा लावावासा वाटत होता. वकिलांनी थांबवलं, आणि बरं केलं. भारतीय न्याय संहितेच्या कलम ३५६ मध्ये, पूर्वीच्या भारतीय दंड संहितेच्या कलम ४९९ प्रमाणेच, कायदेशीर अधिकार असलेल्या व्यक्तीने सद्‌हेतूने केलेली कानउघाडणी गुन्ह्यातून वगळली आहे. सद्‌हेतू नव्हता हे सिद्ध करण्यात वर्षं जातात आणि तोवर त्याच छताखाली रोज काम करायचं असतं. त्याऐवजी संस्थेच्या सचिवांकडे केलेल्या अर्जात त्या प्रसाराचा मुद्दा लिहिला आणि स्क्रीनशॉट जोडला.

कामगार न्यायालयाबद्दलही विचारणा होते, म्हणून सांगते. गोव्यातल्या करंजाळे इथल्या एका शाळेच्या शिक्षिकेचं प्रकरण सर्वोच्च न्यायालयापर्यंत गेलं होतं. १९८८ मध्ये ए. सुंदरम्बल विरुद्ध गोवा, दमण व दीव सरकार या निकालात न्यायालयाने म्हटलं की तेव्हाच्या औद्योगिक विवाद कायद्याखाली शिक्षक 'कामगार' ठरत नाही. शिक्षकाचं काम त्या व्याख्येपलीकडचं मानून न्यायालयाने त्याचा मानच राखला, पण त्याबरोबर एक आधारही गेला, ही खंत मला वाटते.

मग उरतं काय? क्रमाने वर जाणं. आधी मुख्याध्यापक, मग संस्था, मग शिक्षणाधिकारी, प्रत्येक पायरीवर लेखी आणि पोच घेऊन. जिल्हा परिषदेच्या शिक्षकांना १९६४ चे जिल्हा सेवा शिस्त व अपील नियम आणि सरकारी शाळांतल्यांना १९७९ चे नागरी सेवा नियम लागू होतात. तिथे ठपक्याविरुद्ध अपिलाची ठरलेली वाट आणि मुदत आहे, ती चुकवू नये. सगळं करून न्याय मिळाला नाही तर राज्यघटनेच्या अनुच्छेद २२६ खाली उच्च न्यायालय आहे. ऑगस्ट २०२५ पासून कोल्हापूरला सर्किट बेंच सुरू झाल्याने सातारा, सांगली, सोलापूर, कोल्हापूर, रत्नागिरी, सिंधुदुर्गातल्या शिक्षकांचा मुंबईचा हेलपाटा वाचला आहे. तरीही एका ठपक्यासाठी रिट करण्याआधी विचार करा. न्यायालय आधी विचारतं, खालच्या पायऱ्या चढलात का?

शिक्षण सेवक आणि परिवीक्षेवरच्या मुलामुलींची मला जास्त काळजी वाटते. त्यांना घाबरवणं सोपं असतं, कारण काम असमाधानकारक म्हणून त्यांची सेवा संपवता येते. त्यांनी १९८१ च्या नियमावलीतला नियम १५ वाचावा. प्रतिकूल शेरे कर्मचाऱ्याला ठरलेल्या मुदतीत लेखी कळवावे लागतात. गोपनीय अहवाल लिहिले नाहीत किंवा शेरे कळवले नाहीत, तर त्या काळातलं काम समाधानकारक होतं असंच धरलं जातं. सरकारी सेवेबाबत देव दत्त प्रकरणात २००८ साली सर्वोच्च न्यायालयाने प्रत्येक शेरा कळवणं बंधनकारक ठरवलं, त्यामागचं तत्त्व हेच. टाचण वही, तपासलेल्या वह्यांची नोंद, निकालाचं विश्लेषण यांच्या तारखेसह प्रती या मुलांनी घरी ठेवाव्यात.

माझ्या अर्जावर संस्थेच्या सचिवांनी सुनावणी घेतली. मी आदेश, रजिस्टरची प्रत आणि हजेरीपट समोर ठेवला. बोलावं फारसं लागलंच नाही. काही आठवड्यांनी ठपका मागे घेतल्याचं पत्र आलं. शाळेतल्या मैत्रिणींनी पेढे मागितले. पण माझं दुय्यम सेवापुस्तक मूळ सेवापुस्तकाशी ताडून पाहायला मी कार्यालयात गेले, तर मूळ पुस्तकात ठपक्याची नोंद तशीच होती. पत्र एका फाईलला लागलं होतं, पुस्तक दुसऱ्या कपाटात होतं आणि दोघांची गाठ कोणी घालून दिली नव्हती. मी पुन्हा अर्ज दिला. नोंदीखाली लाल शाईने, पत्राचा क्रमांक आणि तारीख घालून, रद्द केल्याचा शेरा मुख्याध्यापकांच्या सहीने लिहून घेतला, तोच दुय्यम पुस्तकातही उतरवून घेतला आणि त्या पानाची साक्षांकित प्रत मागितली. ठपका मागे घेतल्याचं पत्र तुमच्या हाती येईल, त्याच दिवशी सेवापुस्तक उघडून पाहायला मागा.