थंडीत ट्रॅक्टर सुरू का होत नाही?



पौष-माघात तापीकाठी गारठा वाढला, पारा १० अंशांखाली उतरला, की केळीची वाढ मंदावते आणि ट्रॅक्टरही हट्टाला पेटतो. सेल मारला की इंजिन जड फिरते, पांढरा धूर सोडते, पण चालू होत नाही. असे का होते?

डिझेल पेटते कसे?
पेट्रोल इंजिनात ठिणगी असते, डिझेल इंजिनात नसते. रुडॉल्फ डिझेल यांनी १८९७ साली यशस्वी करून दाखवलेल्या या इंजिनात हवा दाबून तिचे आकारमान सुमारे सतरावा भाग केले जाते. त्यामुळे ती ५०० अंशांहून अधिक तापते आणि तिच्यात फवारलेले डिझेल आपोआप पेटते. सायकलमध्ये हवा भरताना पंप गरम होतो, तेच हे तत्त्व.

थंडीत तीन अडचणी येतात. गार लोखंड हवेची उष्णता शोषून घेते, ऑईल घट्ट होते आणि बॅटरीचा जोर कमी पडतो. इंजिन सावकाश फिरल्याने हवा पुरेशी तापत नाही. पांढरा धूर म्हणजे न जळलेले डिझेल.

ब्लॉक हीटर
कॅनडासारख्या देशांत पारा उणे ३० अंशांपर्यंत उतरतो. तेथे इंजिनाच्या ब्लॉकमध्ये विजेचा हीटर बसवतात. तो आतील कूलंट तापवतो आणि कूलंट लोखंडाला ऊब देतो.

एक हिशेब करू. इंजिनाचे लोखंड २०० किलो व पाणी ८ लिटर धरू. दोन्ही ३० अंशांनी तापवायला सुमारे ३,७०० किलोज्यूल, म्हणजे साधारण एक युनिट वीज लागते. बाहेर जाणारी उष्णता धरली तर आणखी जास्त.

अति थंडीत डिझेलमधील मेणही गोठते. म्हणून लडाखसाठी इंडियन ऑईलने २०१९ साली उणे ३३ अंशांपर्यंत वाहते राहणारे खास डिझेल आणले.

आपल्याकडे काय करावे?
बुऱ्हाणपुरात ब्लॉक हीटरची गरज नाही. बॅटरीची टोके स्वच्छ ठेवावीत, कंपनीने सांगितलेल्या दर्जाचेच ऑईल घालावे आणि क्लच दाबून सेल मारावा. एका वेळी दहा सेकंदांहून जास्त सेल मारू नये. मध्ये अर्धा-एक मिनिट थांबावे. हीटर प्लग असल्यास आधी तो तापू द्यावा. सर्वच ट्रॅक्टरांत तो नसतो.

हे कधीही करू नका
१. इंजिनाखाली शेकोटी किंवा पेटता बोळा ठेवू नका. वर डिझेल असते.
२. जमिनीवर उभे राहून, सेलच्या टोकांना पेचकस लावून ट्रॅक्टर सुरू करू नका. गिअर पडलेला असेल तर तो अंगावरून जातो.
३. बंद शेडमध्ये इंजिन चालू ठेवू नका. धुरातील कार्बन मोनॉक्साइडला वास नसतो, पण तो जीव घेतो.

घरी कोणी घाईत असे करत असेल, तर लहान असलात तरी त्यांना नम्रपणे थांबवा. पाच मिनिटे उशीर झाला तर नांगरणी बुडत नाही.

स्वाध्याय
१. डिझेल इंजिनात ठिणगी का लागत नाही?
२. वरील हिशेबात हीटर ५०० वॅटचा असेल, तर निदान किती तास लागतील?
३. आपल्या घरच्या किंवा शेजारच्या ट्रॅक्टरला हीटर प्लग आहे का, ते मोठ्यांना विचारून वहीत लिहा.