ढकलतानाही स्नायू ओढतच असतो

1 जूनला मासेमारीबंदी लागते. त्यामुळे मे संपता संपता विजयदुर्गच्या खाडीकाठी होड्या वर घ्यायची घाई असते. खाली ओंडके, दोन्ही बाजूंना माणसं, नाळेशी एखादा जुना जाणता हाळी द्यायला. हाळीसरशी सगळ्यांनी एकदम जोर लावायचा. मी मागच्या बाजूला होतो. हात होडीच्या काठाला, उजवा पाय मागे ताठ, टाच वाळूत खोल गेलेली. हाळी झाली आणि माझ्या पोटरीवर मागून सणसणीत दगड बसला. मी वळून ओरडलो, "दगड कोणी मारल्यान रे?" मागे कोणीच नव्हतं.

हाडांच्या डॉक्टरांना हे वाक्य नवं नाही. बॅडमिंटन खेळणारे, बस पकडायला धावणारे, चाळिशी ओलांडलेले कितीतरी जण हेच सांगत येतात. पोटरीच्या आतल्या बाजूचा स्नायू कंडरेला जिथे मिळतो, तिथे तो फाटलेला असतो.

हे का होतं ते कळलं, तर पुढची काळजी आपोआप कळते. माणसाच्या अंगात सहाशेच्या वर स्नायू हाडांना जोडलेले आहेत. प्रौढ माणसाच्या वजनाचा साधारण चाळीस टक्के भाग त्यांचाच. पण त्यातल्या एकालाही ढकलता येत नाही. स्नायूच्या धाग्यात मायोसिन आणि ॲक्टिन अशा दोन प्रथिनांच्या तारा एकमेकींत शिरलेल्या असतात. नसेकडून हुकूम आला की आत कॅल्शियम सुटतं, मायोसिनची टोकं ॲक्टिनला पकडून आत खेचतात, सोडतात, पुन्हा पकडतात. उलट दिशेला लोटण्याची सोयच नाही. होडी ढकलताना कोपर सरळ होतो, तो दंडामागच्या स्नायूने हाड ओढल्यामुळे.

पकड सोडायलाही ऊर्जा लागते. बांगडा शेपटाकडे धरून आडवा ताठ राहिला की गिऱ्हाईक ताजा म्हणून घेतं. मेलेल्या माशाच्या स्नायूतली ऊर्जा संपते, मायोसिनला पकड सोडता येत नाही आणि मासा ताठ होतो. पुढे प्रथिनंच विघटू लागली की तो लुळा पडतो. बाजारात रोज चालणारी ही परीक्षा शरीरशास्त्राचीच आहे, फक्त तिला कोणी तसं म्हणत नाही.

आता पोटरी. तिचा वरचा मोठा स्नायू गुडघ्याच्या वर, मांडीच्या हाडापासून दोन तोंडांनी निघतो आणि टाचेच्या कंडरेतून टाचेत संपतो. म्हणजे तो गुडघा आणि घोटा असे दोन सांधे ओलांडतो. गुडघा ताठ आणि टाच खाली रुतलेली असली की तो दोन्ही टोकांनी ताणला जातो. त्यात वाळू सरकली की स्नायू आखडायला बघतो आणि पाय त्याला लांबवतो. फाटतो तो याच घडीला. हेन्री व्हॅन्डाइक कार्टरने 1858 साली लंडनला निघालेल्या ‘ग्रेज ॲनाटॉमी’त हे सगळे स्नायू रेखाटले. त्याच वर्षी तो मुंबईला आला आणि ग्रँट मेडिकल कॉलेजात शरीरशास्त्र शिकवू लागला. त्याची पायाची चित्रं कुठे पाहायला मिळाली तर जरूर बघा, स्नायू कुठून कुठे जातो हे शब्दांपेक्षा तिथे लवकर कळतं.

लांबताना भार पेलणं स्नायूला सगळ्यात जड जातं. आंब्याची पेटी घेऊन घाटी चढताना धाप लागते, पण दुसऱ्या दिवशी मांड्या भरून येतात त्या उतरण्यामुळे. उतरताना मांडीचा स्नायू ब्रेक लावत लावत लांबतो आणि त्याच्या धाग्यांना बारीक इजा होतात. दुखणं 24 ते 72 तासांत सगळ्यात जास्त असतं. ‘लॅक्टिक ॲसिड साठलं’ असं अजूनही ऐकू येतं. ते तर तासाभरात निघून गेलेलं असतं.

घरी आल्यावर काकी तेलाची वाटी घेऊन बसली. "चोळूया, बरा वाटतला." ताज्या फाटलेल्या स्नायूला पहिले दोन-तीन दिवस मालिश नको, शेक नको, दारूही नको. तिन्हींनी आतला रक्तस्राव वाढू शकतो. बर्फ बंदरावर मुबलक. तो फडक्यात गुंडाळून पंधरा-वीस मिनिटं लावायचा, थेट कातडीवर नाही. वर लवचीक पट्टी बांधायची, बोटं बधिर होतील इतकी घट्ट नव्हे. झोपताना पाय उशांवर छातीपेक्षा उंच. आणि पोटरीला गोळा आल्यावर आपण पाऊल वर खेचतो, तसं इथे करायचं नाही. गोळा ताणल्याने सुटतो, फाटलेलं ताणल्याने आणखी फाटतं.

टाचेची कंडराच तुटलेली नाही ना, हे आधी बघावं. दुखावलेल्याला पालथं झोपवा, पावलं खाटेच्या कडेबाहेर काढा आणि पोटरी हाताने दाबा. पाऊल खाली झुकलं तर बरं. हललंच नाही तर त्याच दिवशी डॉक्टर गाठावा. पुढच्या दिवसांत सगळी पोटरी फुगून गरम झाली, तर शिरेत रक्ताची गुठळी झालेली असू शकते. दम लागला, छातीत दुखलं तर गाडी थेट रुग्णालयातच न्यायची. रक्त पातळ करणाऱ्या गोळ्या चालू असतील त्यांनी तर घरगुती उपायांत वेळच घालवू नये.

आमच्याकडे दुसरी चूक उलट दिशेची असते. पाय दुखावला की महिनाभर खाटेवर. वापर थांबला की स्नायू झपाट्याने रोडावतो, उतारवयात तर फारच. धाग्यांच्या कडेला उपग्रह पेशी असतात. अलेक्झांडर माउरो यांनी 1961 मध्ये त्या दाखवल्या. इजा झाल्यावर त्या जाग्या होऊन नवे धागे घडवतात. पण नव्या धाग्यांना आणि व्रणाला नीट दिशा मिळते ती हळूहळू वाढवलेल्या भारानेच. म्हणून पहिले काही दिवस सरले की डॉक्टरांना विचारून बसल्या बसल्या पाऊल वरखाली करायला लागायचं. चालताना चपलेत टाचेखाली जाड घडी ठेवली की पोटरीवरचा ताण कमी होतो. मग भिंतीला हात लावून दोन्ही टाचा उचलायच्या आणि सावकाश खाली आणायच्या. खाली आणणं घाईने उरकू नये, खरा व्यायाम तोच.

एकदा फाटलेली पोटरी पुन्हा फाटण्याचा धोका जास्त असतो. दुखत नाही म्हणून लगेच होडीला हात लावू नये. चांगल्या एका पायावर टाच जितक्या वेळा उचलता येते, तितक्याच वेळा दुखऱ्या पायावर येत असेल, तरच वाळूत उतरावं. तेव्हाही मागचा गुडघा थोडा वाकवून उभं राहायचं आणि हाळीआधी दोन-चार हलके जोर देऊन घ्यायचे. हाळी देणाऱ्याला हे आधी सांगून ठेवा, तो थांबतो.