एक खडा, दोन निर्णय

किडनीच्या सोनोग्राफीला गेले आणि रिपोर्टात पित्ताशयातला नऊ मिलिमीटरचा खडा निघाला. एका रुग्णालयाने दुसऱ्याच दिवशी ॲडमिट व्हायला सांगितलं. मी झाले नाही. चार वर्षांनी त्याच खड्यासाठी स्वतःहून ऑपरेशन करून घेतलं. मधल्या काळात शिकले ते असं :

१. ऑपरेशन रिपोर्टचं नसतं, त्रासाचं असतं. दुसऱ्या सर्जननी रिपोर्ट बाजूला ठेवून विचारलं, "दुखतं का? कधी? काय खाल्ल्यावर?" काहीच होत नव्हतं. "मग राहू द्या," म्हणाले. गप्प बसलेला खडा बहुतेकांच्या बाबतीत जन्मभर गप्पच राहतो.

२. प्रत्येक खडा सारखा नसतो. शेजारच्या काकूंनी कुळथाचं कढण सुचवलं. पण ते मुतखड्यावर देतात. तो लघवीवाटे पडू शकतो. पित्ताशयातल्या खड्याला ती वाट नाही. तो सरकून पित्तनलिकेत अडकला, तर कावीळ होऊ शकते, स्वादुपिंडाला सूज येऊ शकते.

३. सोपं म्हणजे गरजेचं नव्हे. 1990 मध्ये मुंबईच्या जे. जे. रुग्णालयात डॉ. तेहेमटन उडवाडिया यांनी पित्ताशय दुर्बिणीतून काढलं. भारतात तसं पहिल्यांदाच झालं. आता चार छोटी छिद्रं आणि एक-दोन दिवसांत घरी. म्हणून होकारही पटकन दिला जातो. पण भूल द्यावी लागतेच, आणि पित्तनलिकेला इजा होण्याचा थोडा धोकाही असतोच.

४. थांबायचं तर लक्ष ठेवून. आमचे आप्पा रोज रात्री आडवे झाले की हर्नियाचा फुगवटा तळहाताने हलकेच आत ढकलायचे आणि म्हणायचे, "गेला बघ." एका संध्याकाळी तो गेलाच नाही. हात लावला तर टणक, आणि उलट्या सुरू. मध्यरात्री तातडीचं ऑपरेशन झालं. आधीच्या सहा महिन्यांत तो वाढत होता, दुखत होता. आप्पा बोलले नाहीत, आम्ही विचारलं नाही.

५. काही वेळा दुसरं मत घेत बसू नये. बेंबीपाशी सुरू होऊन उजवीकडे खाली सरकणारं दुखणं, पोटदुखीबरोबर थंडीताप किंवा कावीळ, डांबरासारखं काळं शौच, पोट फुगून वाराही न सरणं : थेट रुग्णालय गाठावं.

६. "नाही केलं तर काय होईल?" हे विचारावंच. एका लग्नात मठ्ठा-जिलेबी जेवून आले. रात्री दोनला उजव्या बरगडीखाली कळ उठली, ती पाठीत फऱ्यापर्यंत गेली. महिन्यात तीनदा तसंच. सर्जनना हा प्रश्न विचारला. "पुन्हा दुखेल, सूजही येऊ शकते," ते म्हणाले. मी सही केली. नुसते खडे काढले तर पुन्हा होऊ शकतात, म्हणून पित्ताशयच काढलं.

ऑपरेशनच्या आदल्या दिवशी पुन्हा सोनोग्राफी झाली होती. खड्याचं माप तेव्हाही नऊ मिलिमीटरच होतं.