मळ्यांतून पुन्हां शाळेंत

महात्मा जोतीराव फुले यांचें नांव आपणां सर्वांच्या परिचयाचें आहे. परंतु ते पुण्याच्या स्कॉटिश मिशन शाळेचे आरंभींच्या काळांतील एक विद्यार्थी होते, आणि तेथें येण्यापूर्वीं त्यांची शाळा एकदां सुटली होती, ही गोष्ट फारशी कोणाच्या ध्यानांत नसते.

त्यांचा जन्म १८२७ सालचा. ते वर्षाचे होण्यापूर्वींच मातोश्री चिमणाबाई निवर्तल्या. सगुणाबाई नांवाच्या नात्यांतील विधवा बाईंनीं त्यांचें संगोपन केलें. वडील गोविंदराव फुलें व भाजीपाला यांचा धंदा करीत. सातव्या वर्षीं मुलगा मराठी शाळेंत गेला. परंतु माळ्याच्या मुलास विद्या कशाला, तो शेताला निरुपयोगी होईल, असें दुकानांतील कारकुनानें पित्याच्या मनांत भरविलें, आणि हातांतील पाटी जाऊन कुदळ आली. गोविंदरावांस दोष देणें आज सोपें आहे. वरिष्ठ जातींच्या रोषास भिऊन वागावें लागणाऱ्या त्या गृहस्थानें दुसरें काय करावयाचें होतें?

मुलगा दिवसा मळ्यांत खपे व रात्रीं दिव्याच्या उजेडांत पुस्तक उघडी. हें शेजारच्या दोघांनीं हेरलें. एक उर्दू-फारशीचे शिक्षक गफार बेग मुनशी, दुसरे लिजिट साहेब. त्यांनीं गोविंदरावांची समजूत घातली, आणि १८४१ सालीं जोतीराव मिशन-शाळेंत दाखल झाले. वय चौदा, लग्नही झालेलें! अशा मुलास पुन्हां धडे गिरवावयास बसणें किती जड जातें, हें वर्गांत उशिरां आलेल्या आपल्या एखाद्या सोबत्यास विचारून पाहावें.

शाळेच्या दिवसांत सदाशिव बल्लाळ गोवंडे या ब्राह्मण मुलाशीं त्यांचा स्नेह जडला, तो पुढें टिकला. १८४७ सालीं शिक्षण संपलें. दुसऱ्याच वर्षीं एका ब्राह्मण मित्राच्या वरातींत चालत असतां शूद्र म्हणून त्यांचा अपमान झाला. घरीं येऊन त्यांनीं तो सांगितला, तेव्हां पित्यानें गप्प राहण्याचाच सल्ला दिला. जोतीराव गप्प राहिले नाहींत. त्याच १८४८ सालीं पुण्यांत त्यांनीं मुलींची शाळा काढली, व पत्नी सावित्रीबाई तेथें शिकवूं लागल्या. यापायीं १८४९ सालीं उभयतांस वडिलांचें घर सोडावें लागलें.

जोतीराव ख्रिस्ती झाले नाहींत. तरी मिशन-शाळेनें आपला विद्यार्थी म्हणून त्यांचें नांव अभिमानानें सांगावें, यांत मला कांहींच अडचण दिसत नाहीं.

१८५५ सालीं त्यांनीं शेतकरी व मजूर यांच्यासाठीं रात्रीची शाळा काढली. पुढें १८८२ सालीं हंटर कमिशनपुढें निवेदन करितांना, निदान बाराव्या वर्षापर्यंत तरी प्राथमिक शिक्षण सक्तीचें असावें, अशी त्यांनीं मागणी केली. स्वतः बारा वर्षांचे असतां ते मळ्यांत होते.