त्या मुलीचं नाव कळव

बडोदे, बुधवार

चि. बापूस,


परवा रात्री वहिनीचा फोन आला. आधी दादाचे गुडघे, मग कृष्णेचं पाणी, मग शेजारच्यांचं नवं घर, असं सगळं झालं आणि फोन ठेवता ठेवता ती म्हणाली, "बापूच्या वर्गातली एक मुलगी आठ दिवस झाले शाळेत येत नाहीये." मग हळूहळू बाहेर आलं. मुलीने निसर्गचित्र काढलं होतं. दोन डोंगर, मधून अर्धा सूर्य, खाली नदी, काठावर झोपडी. तू तिची वही भर वर्गात वर धरलीस, लाल पेन्सिलीने दोन्ही डोंगरांवर फुली मारलीस आणि म्हणालास, "हे डोंगर नव्हेत, हे नुसते शब्द आहेत. आधी बघायला शीक." पोरं हसली. दुसऱ्या दिवसापासून ती आलीच नाही. आई-वडील मुख्याध्यापकांना भेटून गेले म्हणे.

मी वहिनीला विचारलं, मुलीचं नाव काय? तिला ठाऊक नव्हतं. म्हणाली, "तो नुसतं पाचवी ब मधली म्हणतो."

तेव्हापासून माझं कशात लक्ष लागत नाही. तुझ्या नोकरीची काळजी मला नाही असं नाही, पण ती दुसरी. पहिली ही, की दहा वर्षांची पोर आठ दिवस घरात बसून काय करत असेल. फोनवर तू "हो आत्या, बघतो आत्या" म्हणून सुटतोस, म्हणून लिहायला बसले.

तुझं जिथे बरोबर आहे ते आधी मान्य करते. तू शिकवतोस त्याच गावात मी वाढले. गणपती घाटावर उभं राहून मान वर केली की दिसतात ते डोंगर त्रिकोणी नाहीत. पांडवगड बघ. पसरणीचा घाट चढून पाचगणीचं टेबललँड बघ. माथे सपाट, सुरीने कापल्यासारखे, आणि अंगावर आडव्या पायऱ्या. साडेसहा कोटी वर्षांपूर्वी लाव्हाचे थर एकावर एक पसरत गेले, त्या थरांच्या त्या पायऱ्या. असा डोंगर रोज खिडकीतून दिसतो आणि वहीत मात्र तेच दोन त्रिकोण उतरतात, हे पाहून चित्रकलेच्या शिक्षकाच्या पोटात तुटणारच. माझ्याही तुटायचं. इथे बडोद्यात, पावागड सोडला तर डोंगर म्हणून नाही, तरी पोरं तेच दोन त्रिकोण काढायची. म्हणजे ते डोळ्यांतून येत नाहीत, मोठ्या बहिणीच्या वहीतून येतात, फळ्यावरून येतात, एलिमेंटरी चित्रकला परीक्षेच्या तयारीच्या पुस्तकांतून येतात. तुझं निदान खरं आहे. तुझी फुली खरी नाही.

आणि शब्द सोडून बघण्याचं हे वेड तुझ्या डोक्यात घातलं मीच. चित्रशिक्षकाचा एटीडी डिप्लोमा करून तू माझ्याकडे चार महिने राहिला होतास, तेव्हा हायाकावांचं भाषेवरचं पुस्तक तुझ्या हातात मी दिलं. बलवंत पारेखांनी २००९ साली इथे जनरल सिमँटिक्सचं केंद्र काढलं, तिथलं व्याख्यान ऐकायला तुला मी नेलं. तुला किती नवल वाटलं होतं, की तू पोरांना कागद चिकटवायला देतोस त्या फेव्हिकॉलवाल्या गृहस्थांना शब्द आणि वस्तू यांच्यामधल्या फटीची एवढी ओढ होती! रिक्षातून परत येताना तू मला म्हणालास, "आत्या, हे तर चित्रकलेच्याच तासाला शिकवायला पाहिजे." मी त्या रात्री आनंदाने जागी होते. मलाही तरुणपणी तेच वाटलं होतं. १९४४ साली शिकागोत ग्यॉर्गी केपेश यांनी 'लँग्वेज ऑफ व्हिजन' लिहिलं आणि त्याच्या सुरुवातीला लेख लिहिला तो हायाकावांनीच. भाषेचा अभ्यास करणारा माणूस आणि रंगरेषांचा अभ्यास करणारा माणूस एकाच पुस्तकात शेजारी बसतात हे मी फाइन आर्ट्सच्या लायब्ररीत पाहिलं, तेव्हा कुणीतरी माझ्या मनातली गाठ सोडवल्यासारखं झालं होतं.

म्हणूनच रागावते आहे. परक्याचं असतं तर एवढी रागावले नसते.

जनरल सिमँटिक्सचा जनक कोर्झिब्स्की म्हटलं की जो तो 'नकाशा म्हणजे मुलूख नव्हे' हे वाक्य घेऊन बसतो. तूही तेवढंच घेतलंस. पण हा पोलंडचा इंजिनियर पहिल्या महायुद्धात जखमी झाला होता, शिकलीसवरली माणसं शब्दांच्या मागे धावत काय करून बसतात ते त्याने उघड्या डोळ्यांनी पाहिलं होतं. १९३३ साली त्याने तो जाडजूड ग्रंथ लिहिला, त्यात मला सगळ्यात मोलाचं वाटलं ते थांबणं. काही पाहिलं, ऐकलं, की लगेच उसळायचं नाही. शब्द ओठांवर यायच्या आधी क्षणभर गप्प राहून समोरच्या गोष्टीकडे पाहायचं. हे त्याने दुसऱ्याच्या चुका पकडायला सांगितलेलं नाही, स्वतःचा हात धरायला सांगितलंय. वर्गात वही वर धरलीस त्या क्षणी तू थांबला होतास का?

त्याने शिकवायला एक साधन केलं होतं, तुला चित्र दाखवलं होतं मी. वर भोकाभोकांचा पत्रा, तो म्हणजे अफाट घडत असलेलं जग. त्याखाली चकती, आपल्या इंद्रियांना त्यातलं जेवढं कळलं तेवढं. तिच्याखाली एकाखाली एक अडकवलेल्या पट्ट्या, ते आपले शब्द. सगळं दोऱ्यांनी जोडलेलं. पण काही दोऱ्या त्याने मुद्दाम मोकळ्याच लोंबत ठेवल्या होत्या. खालच्या पायरीवर जाताना जे सुटून गेलं, त्याच्या त्या दोऱ्या. तू "पाचवी ब मधली मुलगी" म्हणतोस तेव्हा किती दोऱ्या लोंबत राहतात, मोजून बघ. ती डावखुरी आहे का? कुठल्या वाडीवरून चालत येते? तो डोंगर तिला कुणी शिकवला? एकाच नावाखाली आलेल्या दोन गोष्टींना निराळे आकडे घाला, मुलगी एक म्हणजे मुलगी दोन नव्हे, हे त्याचंच सांगणं ना? मग आकडा राहू दे, निदान नाव तरी.

आता तुला वेंडेल जॉन्सनचं सांगते. हे पूर्वी सांगितलं नव्हतं, सांगायला हवं होतं. अमेरिकेत आयोवा विद्यापीठात हा प्राध्यापक होता, स्वतः फार अडखळत बोलायचा. त्याने १९४६ साली जनरल सिमँटिक्सवर फार माणुसकीने भरलेलं पुस्तक लिहिलं. त्याचं म्हणणं असं, की लहान मूल अडखळतंच, पण आईबाप त्याला 'तोतरा' म्हणतात आणि मग ते खरंच तोतरं होऊन बसतं. पुढे हे मत जसंच्या तसं टिकलं नाही. पण मला सांगायचंय ते निराळं. याच माणसाच्या देखरेखीखाली १९३९ साली एका अनाथाश्रमातल्या २२ मुलांवर प्रयोग झाला. त्यातल्या नीट बोलणाऱ्या काही मुलांना मुद्दाम सांगण्यात आलं, की तुमचं बोलणं अडखळतंय, सुधारा. ती मुलं तोतरी झाली नाहीत. ती गप्प झाली. वर्गात उत्तर द्यायला घाबरू लागली. विद्यापीठाने माफी मागितली ती २००१ साली, तोवर ती म्हातारी झाली होती. शब्दाचं विष ज्याला सगळ्यात जास्त कळत होतं, त्याच्याच देखरेखीखाली हे झालं, बापू. आपण तर साधी ड्रॉइंगची माणसं.

मी तुला हे एवढ्या जोराने का लिहिते आहे ते आता सांगते. दादालाही माहीत नाही.

नोकरीला लागून मला तिसरं वर्ष होतं. सातवीत एक मुलगा होता. नाव लिहीत नाही, पण मला त्याच्या हजेरीच्या क्रमांकासकट पाठ आहे. मी वर्गात पिंपळाची फांदी नेली होती. तुझ्यासारखीच मी तेव्हा पेटलेली. पोरांना म्हटलं, पानाला हिरवं म्हणू नका, 'हिरवा' विसरा, दिसतं ते लावा. सगळ्यांनी हिरवाच लावला, कुणी पोपटी, कुणी शेवाळी. याने तपकिरी लावला. नीट, मन लावून, शिरा सोडून. मला वाटलं, मुद्दाम चेष्टा करतोय. वहीवर लिहिलं, 'निष्काळजी. रंगज्ञान नाही.' पुढच्या तासालाही त्याने तेच केलं, तेव्हा बाकावर उभं केलं. त्याने मग रंग आणणंच सोडलं. विचारलं की म्हणायचा, "विसरलो बाई." वर्षभर विसरत राहिला.

दहा-बारा वर्षांनी एसटी स्टँडवर भेटला. वाकून नमस्कार केला. रेल्वेच्या भरतीत सगळं पास झाला होता, डोळ्यांच्या तपासणीत अडकला. ठिपक्यांची पुस्तिका दाखवतात ना, त्यातला आकडा त्याला दिसेना. लाल आणि हिरवा त्याला निराळे दिसतच नव्हते, जन्मापासून. मला म्हणाला, "बाई, मला तेव्हा कळलं, तुम्ही का रागवायचात." माझीच बाजू घेऊन बोलला. बस आली, तो गेला. मी त्या बाकड्यावर किती वेळ बसले ते आठवत नाही.

अख्ख्या वर्गात दिसलं ते लावणारा तो एकटा होता. आणि मी, 'शब्द बाजूला ठेवून बघा' म्हणणारी, त्याच्याकडे एकदाही पाहिलं नाही. लाल पेन्सिल मी त्यानंतर हातात धरली नाही. पण ते त्यानंतर.

म्हणून विचारते, ती मुलगी आली का रे?

तिला परत आणल्यावर काय करायचं ते तुला माझ्यापेक्षा चांगलं सुचेल. मी आपलं माझं सांगते. मला एवढ्या वर्षांत कळलं, की पोराच्या हातातला शब्द हिसकावून घेतला की डोळा उघडत नाही, तो मिटतो. शब्द तिच्या हातात राहू द्यावा आणि शेजारी वस्तू आणून ठेवावी. आपली मराठी त्यासाठी फार चांगली आहे, तू लक्ष देऊन ऐक. आपल्या रंगांच्या नावांतून अजून वस्तू सुटून गेलेली नाही. जांभळ्यात जांभूळ आहे, आमसुलीत आमसूल, डाळिंबीत डाळिंब, अबोलीत अबोली. तपकिरीतसुद्धा तपकिरीची डबी आहे. मी वर्गात खरं जांभूळ आणायची, कापून कागदावर चोळायला द्यायची आणि विचारायची, हे जांभळं आहे का? मग गोंधळ उडायचा. कुणी म्हणे निळं, कुणी म्हणे गुलाबी, दुसऱ्या दिवशी डाग पाहिला तर आणखी निराळं. कुणाचंच चूक नसायचं. किंवा डोळे मिटायला सांगून 'झाड' म्हणायची आणि प्रत्येकाला आपापलं काढायला लावायची. मग सगळी झाडं भिंतीवर एका ओळीत. एवढी झाडं आणि शब्द एकच, हे पोरांना कुणी सांगावं लागत नसे.

आणि आपण 'मी रागीट आहे' असं म्हणण्याऐवजी बहुतेकदा 'मला राग आला' म्हणतो बघ. आला, म्हणजे जाईलही. भीती वाटते, कंटाळा येतो, रडू फुटतं. कोर्झिब्स्की ज्या 'आहे'शी जन्मभर भांडला, तो मनातल्या गोष्टींना आपल्या आजीपणजींनी फारसा लावला नाही. फक्त पोरांच्या बाबतीत आपण विसरतो. हा मठ्ठ आहे. हिला चित्रकला नाही. हे डोंगर नव्हेत.

तू साडेतीन वर्षांचा होतास. वहिनी ससूनला ॲडमिट होती तेव्हा दादाने तुला माझ्याकडे आणून सोडलं होतं. तू चार पायांच्या सगळ्यांना भूभू म्हणायचास. कुत्रा भूभू, शेळी भूभू, इथल्या मांडवीजवळ रस्त्यात बसलेली म्हैसही भूभू. घरी आलास की खडूने ओसरीवर काढायचास, एक आडवी रेघ आणि खाली चार उभ्या. मी विचारायची, कोण? भूभू. एके दिवशी तू पाचवी रेघ काढलीस, वर, वाकडी. मी म्हटलं, हे काय? तू कितीतरी वेळ विचार केलास आणि म्हणालास, "शिंग." तुला शब्द माहीत होता हे मला ठाऊकच नव्हतं. त्या दिवसापासून शेळी शेळी झाली. ती ओसरी मी आठवडाभर पुसू दिली नाही, कामवाल्या बाई चिडल्या होत्या माझ्यावर.

तिच्या त्रिकोणाला कधी सपाट माथा फुटेल ते आपल्याला माहीत नाही. पण वहीच बंद झाली तर कुठे फुटणार?

रविवारी तिच्या घरी जा. सायकलवरून जा, पोराच्या घरी शिक्षक मोटरसायकल फुरफुरवत गेला की आईबाप आधीच घाबरतात. समजावत बसू नकोस. तिला म्हण, "माझी फुली चुकली, मला ती खोडायचीय." आणि तिच्यासमोर खोड. लाल पेन्सिल पूर्ण जात नाही, डाग राहील, राहू दे. मग ती म्हणाली तर तिच्याबरोबर घाटावर बस. नाही म्हणाली तर चहा पिऊन परत ये आणि पुढच्या रविवारी जा.

फोनच्या शेवटी वहिनी आणखी एक बोलली, ते मी पत्राच्या सुरुवातीला लिहिलं नाही. म्हणाली, "आठ दिवस तोही रात्री धड जेवत नाही. ताटावर बसतो आणि उठतो. त्या मुलीच्या गल्लीतून दोनदा सायकल फिरवून आला, आत गेला नाही." ते ऐकल्यावर माझा निम्मा राग तिथेच गेला, उरलेला हे लिहिताना गेला. जेवत जा रे. घरी केलेल्या लिंबाच्या लोणच्याची बरणी दादाच्या मित्राबरोबर पाठवली आहे, शनिवारपर्यंत पोचेल. तिची आई दार उघडेल तेव्हा तुला काय बोलावं सुचलं नाही, तर आत्याने लोणचं दिलंय म्हण, थोडं तिच्यासाठीही ने.

तुझी,
आत्या