रावस, जुनी होडी आणि तिथीची पाऊणपट

मेनूकार्डावर 'इंडियन सॅमन' वाचून ज्यांनी महिन्याच्या पहिल्याच आठवड्यात खिसा रिकामा केला असेल, त्यांना आधीच सांगून टाकतो: तो सॅमन नव्हता. तो आपला रावस. खरा सॅमन थंड मुलखातला. नदीत जन्मतो, समुद्रात वाढतो आणि अंडी घालायला पुन्हा नदीत येतो. रावसाचं कुळच वेगळं. त्याच्या छातीच्या पराखाली चार सुटे दोरे असतात. गढूळ पाण्यात डोळ्यांचा फारसा उपयोग नाही, म्हणून तो या दोऱ्यांनी तळ चाचपत भक्ष्य शोधतो. शास्त्रीय नावातलं 'टेट्राडॅक्टिलम' म्हणजे चार बोटांचा. आमच्या पनवेलच्या खाडीचं पाणी पाहिलंत तर ही सोय किती आवश्यक आहे ते लगेच पटेल!

मागच्या डिसेंबरात मी आणि माझा रूम पार्टनर अशा रावसाच्या मागे एक दिवस खाडीत काढला. होडी कोळीवाड्यातल्या एका काकांची. लाकडी, सव्वीस फूट लांब, वय आम्हा दोघांच्या वयाच्या बेरजेहून जास्त. इंजिन एका सिलिंडरचं, डिझेलवर चालणारं, हाताने हँडल मारून सुरू करायचं. थर्ड सेमिस्टरला आम्ही ज्याची टेस्ट रिग घासली होती त्याचाच हा म्हातारा भाऊ.

काकांनी आदल्या दिवशी फोनवर विचारलं, "उद्या तिथी कुठली?" मी कॅलेंडर बघून म्हटलं, वद्य द्वादशी. "मंग बारा पाऊण नऊ. पन उधान जवल आलाय, पानी मागं ऱ्हातं. आनि आपली खाडी आत. साडेधाला या."

हा हिशोब किनाऱ्यावर जुना आहे. तिथीची पाऊणपट केली की भरती पूर्ण होण्याची वेळ मिळते. चतुर्थीला तीन, अष्टमीला सहा. मला अर्थातच राहवलं नाही. चंद्र सूर्याच्या पुढे 12 अंश सरकला की एक तिथी होते. पृथ्वी 360 अंश 24 तासांत फिरते, म्हणजे 12 अंशांना 48 मिनिटं, म्हणजे 0.8 तास. पाऊणपट धरली तर 45 मिनिटं. दर तिथीला तीन मिनिटांची चूक, द्वादशीला ती 36 मिनिटांवर जाते. काकांचे नऊ आणि माझे नऊ छत्तीस. मी खूश.

मग मोबाइलवर अपोलो बंदराचं भरतीचं कोष्टक उघडलं. त्यात वेळ दहाच्या सुमाराची! माझं गणितही चुकलं होतं, कारण 48 मिनिटं ही फक्त सरासरी. भरती चंद्र आणि सूर्य दोघांच्या ओढीची बेरीज असते. अमावास्या-पौर्णिमेच्या आसपास, म्हणजे उधाणाला, रोजची भरती चाळीसेक मिनिटांनीच पुढे सरकते. अष्टमीच्या सुमारास, भांगाला, तासाहून जास्त. त्यामुळे उधाणाच्या आधीच्या दोन-तीन दिवसांत प्रत्यक्ष वेळ सरासरीच्या मागे पडलेली असते. "पानी मागं ऱ्हातं" या तीन शब्दांत हे सगळं होतं, आणि खाडीच्या आत पाणी पोचायला लागणारा वेळही त्यांनी धरला होता. हॉस्टेलमध्ये हे कबूल करणं जड गेलं.

सकाळी इंजिन सुरू करायची पाळी माझी. कॉम्प्रेशन रेशो 17 धरा. हवा 300 केल्विनवरून दाबली तर आदर्श गणिताने साडेसहाशे अंश सेल्सिअसपर्यंत तापते. प्रत्यक्षात कमी, पण डिझेल पेटायला पुरेशी. हाताने एवढा दाब तोडणं अशक्य. म्हणून डिकॉम्प्रेशन लिव्हर असतो. तो उचलला की व्हॉल्व्ह उघडा राहतो, हँडल हलकं फिरतं, फ्लायव्हीलमध्ये ऊर्जा साठते आणि मग लिव्हर झटक्यात पाडायचा. मी तो दोनदा लवकर पाडला. तिसऱ्यांदा काकांनी मला बाजूला केलं. धक्-धक् करत धूर निघाला आणि होडी ओहोटीबरोबर निघाली.

उजवीकडे खारघर-बेलापूरच्या इमारती, डावीकडे नव्या विमानतळाचा भराव. मुंबईहून पुण्याला जाणारे लोक रेल्वे येण्याआधी होडीने याच खाडीतून पनवेल बंदरात उतरत आणि पुढे बोरघाट चढत. आज बंदर हे नाव रस्त्याच्या पाटीवर जास्त दिसतं. भरावामुळे पाण्याच्या वाटा बदलल्या, मासे कमी झाले, असं काका म्हणाले. त्यावर ते अधिक बोलले नाहीत, आम्हीही विचारलं नाही.

खाडीच्या तोंडाशी नांगर टाकून जिवंत कोलंबी लावून गरवायला बसलो. दोन तास काहीच नाही. तीनच्या सुमारास मी घड्याळ बघायला लागलो. दुसऱ्या दिवशी जर्नल सबमिशन होतं आणि माझी चार प्रॅक्टिकल्स कोरी होती. मी म्हटलं, "काका, निघूया का?"

"पानी फिरल्याबिगर नाय निघाचा."

मनात गणित केलं. होडीचा वेग पाच नॉट, ओहोटी दोन नॉट, घर पाच सागरी मैल. आत्ता निघालो तर पाच भागिले तीन, एक तास चाळीस मिनिटं. भरतीबरोबर निघालो तर पाच भागिले सात, पाऊण तासाच्या आत. डिझेल अर्ध्याहून कमी. शिवाय आत खाडी आटलेली असणार, चिखलात रुतण्याची हमी. ठीक, थांबू. पण खरं कारण मला तेव्हा कळलं नव्हतं.

पाणी थांबत आलं तसा रावस लागला. पहिला लहान. काकांनी तो सोडून दिला. रावस आधी नर असतो आणि वाढल्यावर मादी होतो, त्यामुळे लहान उचलले तर पुढच्या माद्याच संपतात आणि फक्त मोठेच उचलले तरी अंडी घालणाऱ्या कमी होतात. दोन्हीकडून कोंडी. दुसरा दोन किलोच्या आसपास. तो ठेवला.

पावणेपाचला परत निघालो. पाच वाजून पाच मिनिटांनी इंजिनाचा आवाज बदलला, दोनदा अडखळला आणि बंद. टाकीच्या तळाचा गाळ फिल्टरमध्ये, त्यातून लाइनमध्ये हवा. डिझेलच्या पंपाला हवा चालत नाही. ती दाबली जाते, इंजेक्टर उघडतच नाही. सूर्य खाली आलेला, माझ्या पोटात गोळा. काकांनी पार्टनरच्या हातात वल्हं दिलं, "नाक सरल ठेव" म्हणाले आणि शांतपणे पाना शोधू लागले. फिल्टर धुतला, ब्लीड स्क्रू सैल केला, बुडबुडे जाऊन नुसतं डिझेल येईपर्यंत मी हाताने पंप मारत राहिलो. पंचवीस मिनिटं गेली. मान वर केली तर बेलापूरच्या इमारती मागे गेल्या होत्या. भरतीने आम्हाला दीड किलोमीटर घराकडे आणलं होतं. तीन वाजता निघालो असतो तर हेच पाणी आम्हाला तेवढंच उलट, मोठ्या जहाजांच्या वाटेकडे घेऊन गेलं असतं, आणि अंधार पुढ्यात.

मी विचारलं, "इंजिन बंद पडेल हे तुम्हाला माहीत होतं?"

"नाय रं. पन कवा ना कवा परतंच ना." मग लिव्हरकडे बोट दाखवून म्हणाले, "या खेपेला लवकर पारू नको."

सहा वाजून गेल्यावर कोळीवाड्याला लागलो. रावस मेसच्या मावशींनी तळला, अकरा जणांत वाटला. सबमिशनला मात्र मी तीनच प्रॅक्टिकल्स पुरी करू शकलो.