गाय उलटते तेव्हा

१. गाय उलटली की पहिलं खापर फुटतं कांडीवर, मग रेतन करणाऱ्यावर. दर 21 दिवसांनी नेमानं माजावर येऊनही तीनदा भरवलेली गाय फळत नसेल, तर आधी तिचा सोट बघावा. मी पहाटे गाय बसलेली असतानाच गोठ्यात जातो. शेपटीखाली ओघळलेला सोट बोटांवर घेऊन बॅटरीच्या उजेडात धरतो. काचेसारखा नितळ असेल, तुटता तुटत नसेल, तर बेलाशक भरवावं. त्यात दह्याच्या कण्या किंवा पुवाचे धागे दिसले, तर पिशवीत जंतू आहेत. तो माज सोडायचा आणि डॉक्टरांकडून सोट प्रयोगशाळेत पाठवायचा. कोणतं औषध लागू पडेल ते तिथं कळतं. नाहीतर पिशवीत सोडलेली महागडी औषधं वाया जातात.

२. पिशवी बिघडते ती बहुतेकदा व्यायच्या वेळी. वार 12 तासांत पडली नाही, तर ती अडकली समजावं. लोंबणाऱ्या वारेला दगड नाहीतर जुनी चप्पल बांधणारे अजून भेटतात. ओढाताणीनं आत जखमा होतात आणि जंतूंना आयतं घर मिळतं. गाईला ताप आला, वैरण सुटली की डॉक्टरांना बोलवायला उशीर नको.

३. सातव्या महिन्यानंतर गाय गाभडली, तर पहिला संशय ब्रुसेला या रोगाचा. गाभ आणि वार उघड्या हातानं उचलू नये, कुत्र्यांना ओढू देऊ नये. चुना टाकून खोल पुरावं. हा रोग माणसालाही होतो: येता-जाता ताप, घाम, सांधेदुखी. म्हणून दूध उकळूनच प्यावं. खरी फसगत पुढच्या वेताला होते. तीच गाय बहुधा पूर्ण दिवस भरते, लोक म्हणतात बरी झाली. पण दुधातून आणि वारेतून ती जंतू टाकतच राहते.

४. गावातला फुकटचा वळू नकोच. दिसायला ठणठणीत असतो आणि एका गाईचा रोग दुसरीला देत फिरतो.

५. बाजारात गाय घेताना आपण दात मोजतो, कास चाचपतो. ब्रुसेलासाठीचा रक्ताचा अहवाल कुणी मागत नाही. मागावा.

६. ब्रुसेलाची लस 4 ते 8 महिन्यांच्या कालवडीला, आयुष्यात एकदाच. गाभण गाईला आणि गोऱ्ह्याला ती चालत नाही. सरकारी मोहिमेत ती मोफत मिळते. दावणीला त्या वयाची कालवड असेल, तर या आठवड्यातच दवाखान्यात चौकशी करा.